नाव आधी, अंग नंतर

"पाठांतर आहे सर, नुसतं पाठांतर," निश्चल शेणॉय म्हणाला, आणि वादिराज कट्टीने कॉफीचा कप ओठापर्यंत नेऊन तसाच खाली ठेवला. दुपारचे साडेतीन वाजले होते. काचेच्या त्या खोलीत तिघंच होते: सकाळी मुलाखत घेणारा निश्चल, भरतीचं काम बघणारी बीना कुरियन, आणि ज्याच्या होकाराशिवाय कंपायलरच्या गटात कोणाला घेत नसत तो वादिराज. खाली रिंग रोडवर वाहनं नेहमीसारखी अडकून पडली होती. वादिराजला अठ्ठेचाळिसावं चालू होतं. केस बेताचे, आवाज बेताचा, धारवाडहून बंगळूरला येऊन पंचवीस वर्षं झालेली आणि एवढ्या काळात एकही शत्रू नाही. माणसाला एकही शत्रू नसणं ही दर वेळी चांगलीच खूण असते असं नाही. टेबलावर बीनाने जो कागद ठेवला होता त्याच्या डोक्यावर परिमळा होळ्ळ असं नाव होतं, वय चव्वेचाळीस, आणि मधल्या पंधरा वर्षांसमोर 'घरी' एवढंच लिहिलेलं. ते नाव त्याने गेल्याच आठवड्यात यादीत पाहिलं होतं. पाहिलं तेव्हा तो बीनाला म्हणाला होता, "या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, मी मुलाखतीत बसणं बरं नव्हे." असं म्हणून आपण किती नीट वागलो याचं त्याला त्या दिवशी समाधानही वाटलं होतं.

निश्चल सांगत होता आणि सांगताना त्याला मजा येत होती. एकोणतीस वर्षांचा, हुशार, आणि आपल्या हुशारीवर अजून कोणी पाणी ओतलेलं नाही असा. "मी माझा नेहमीचाच प्रश्न विचारला, सर. ज्या प्रकाराच्या पोटात तोच प्रकार आहे, तो आपल्या तुंगा लायब्ररीत कसा बांधाल? लोक दोनदा पुसतात, तिसऱ्यांदा रडकुंडीला येतात. या बाई उठल्या, पदर खोचला आणि एका दमात सगळं लिहून मोकळ्या! फळ्यावर तुमचा कोड, सर. तंतोतंत. आतली नावंसुद्धा तीच. मी म्हटलं, बरं, अंग भरायच्या आधी कोणी त्याचा आकार विचारला तर? तर मला म्हणतात, 'रिकामा पाळणा हलवू नये.' तुमची ओळ, सर! मलाच ऐकवली!"

बीना हसली. ती ओळ छापलेला टी-शर्ट तिच्याकडेही होता.

"मी विचारलं, हे कुठं वाचलंत? तर हसल्या. म्हणे, 'वाचायचं कुठं? डोक्यात होतं.' मला ते जरा लागलं, खरं सांगतो. चोरी ती चोरी, वर शिरजोरी. मग मी स्क्रीन फिरवून दाखवली. म्हटलं, बघा बाई, इथं लेखकाचं नाव काय आहे? वादिराज कट्टी. बराच वेळ बघत राहिल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, 'त्यांनाच विचारा.'" निश्चलने खांदे उडवले. "आता तुम्हाला काय विचारायचं, सर?"

काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते काय हे वादिराजला चांगलं ठाऊक होतं. तीनच शब्द होते, 'ते तिचंच आहे.' पण हे तीन शब्द बाहेर पडले की मागोमाग बाराशे शब्द लागणार, आणि ते बाराशे शब्द निश्चलच्या त्या स्वच्छ, कौतुकाने भरलेल्या डोळ्यांसमोर उच्चारायचे. कधीचं आहे? मग तुमचं नाव कसं? मग एवढी वर्षं? प्रत्येक प्रश्नाचं त्याच्याकडे उत्तर होतं. वाईट असं की प्रत्येक उत्तर खरं होतं आणि सगळी मिळून एक खोटं होत होतं. त्याने कपाकडे पाहिलं. कॉफीवर साय धरली होती. लहानपणापासून त्याला सायीची शिसारी होती, आणि याही क्षणी ती आली, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं.

तसा तो प्रश्न काही फार अवघड नाही. कड्यांची एक साखळी आहे, प्रत्येक कडीत एक आकडा आणि पुढच्या कडीचा पत्ता. आता कंपायलरला, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, सांगायचं आहे की कडी म्हणजे काय. कडी म्हणजे एक आकडा आणि दुसऱ्या कडीचा पत्ता. पण कडी अजून बनलीच नाही, तर तिचा पत्ता आणायचा कुठून? तुंगा म्हणजे कंपायलर बांधणाऱ्यांसाठी जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, सगळ्यांना खुला कोड. तिच्या जुन्या रीतीत आधी एक पोकळ प्रकार मिळायचा. त्याचा पत्ता घेऊन कडी बांधायची आणि मग पोकळाच्या जागी ती कडी बसवायची. इथवर ठीक. पण बसवताक्षणी लायब्ररी शोधायची, अशाच घडणीचा दुसरा कोणी आधीच घरात आहे का? असला की दोघांना एक करायची, म्हणजे एकाला ठेवायची आणि दुसऱ्याला मोडून टाकायची. मोडलेल्याचा पत्ता ज्याच्या हातात उरला तो गेला बाराच्या भावात. प्रोग्राम कुठेतरी भलतीकडेच कोसळायचा आणि जगभरातली शहाणी माणसं आठवडेच्या आठवडे त्याचं कारण शोधत बसायची. दोन हजार दहा साली जयनगरमध्ये एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या उपाहारगृहाच्या, माडीवर त्यांची चौदा माणसांची कंपनी होती, तिथेही ते कोसळलं. खालून सांबाराची फोडणी वर यायची आणि परिमळाला तेव्हा सहावा महिना असल्यामुळे तो वास सोसायचा नाही. ती खिडकीपाशी खुर्ची ओढून, नाकाला ओढणी लावून बसायची आणि तशीच पडद्यावर बघत राहायची. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "अरे कट्टी, चुकतंय कुठं सांगू? हे लोक आकारावरून माणूस ओळखतायत. माझी न् माझ्या जावेची साडी सारखी निघाली म्हणून काय आम्ही दोघी एक झालो? नाव द्या की प्रत्येकाला. नाव आधी, अंग नंतर." आणि नुसतं म्हणून ती थांबली नाही, पंधरा दिवसांत तिने ते लिहूनही काढलं. नावाचा रिकामा प्रकार जन्माला घालायचा, त्याचा पत्ता हवा तिथे वापरायचा, मग सवडीने अंग भरायचं. दुसऱ्याची घडण सारखी असली तरी दोघांनी आपापल्या नावाने नांदायचं. फक्त अंग भरेपर्यंत कोणी त्याचा आकार विचारायचा नाही. त्या जागी तिने सूचना लिहिली होती: रिकामा पाळणा हलवू नये. कोट गावची तिची आई तसं म्हणायची. वादिराज तेव्हा तिला म्हणाला होता, "ही ओळ काढ. लोक हसतील." ती म्हणाली होती, "हसू दे की. हसले तर लक्षात राहील."

लक्षात राहिली. जगाच्या लक्षात राहिली. फक्त ती कोणाची हे राहिलं नाही. आणि यात त्याने केलं काय होतं? काहीच नाही, ह्या एका वाक्यावर तो अकरा वर्षं उभा होता. तुंगाच्या भांडारात थेट कोड घालायचा हक्क तेव्हा सगळ्या जगात तीस-बत्तीस जणांना होता, त्यांत वादिराज एक. बाकीच्यांनी आपलं काम ई-मेलने पाठवायचं, हक्कवाल्याने तपासून आपल्या हाताने आत घालायचं, आणि नोंदीच्या तळाशी लिहायचं की काम अमक्याचं. त्याने ते लिहिलं होतं. 'काम परिमळा होळ्ळ यांचं.' शपथेवर सांगू शकला असता. मग ती बाळंतपणाला गेली, मुलीच्या कानांचं दुखणं निघालं, मग सासऱ्यांनी अंथरूण धरलं, आणि ती परत आली नाही. पुढे चार वर्षांनी ते सगळं भांडार जुन्या साठवणीतून नव्या साठवणीत हलवलं. हलवताना जुन्या नोंदींची फक्त पहिली ओळ आली, तळाच्या ओळी गळाल्या, आणि लेखकाच्या रकान्यात ज्याने हाताने आत घातलं त्याचं नाव आपोआप बसलं. हा घोटाळा होणार हे ठाऊक असल्यामुळे चालकांनी एक पान सगळ्यांना पाठवलं होतं. तुमच्या हातून गेलेलं दुसऱ्याचं काम कोणतं ते इथे भरा, दोन आठवडे मुदत आहे, आम्ही नावं दुरुस्त करू. वादिराजच्या नावावर अशी एक्केचाळीस कामं होती. त्याने चाळीस भरली. तीन स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्या एका हंगेरियन विद्यार्थ्याचं नावसुद्धा त्याने आठवून, जुन्या ई-मेल उपसून, नीट स्पेलिंगसह भरलं. परिमळाच्या ओळीपाशी आला तेव्हा एक वाजला होता आणि त्याला भूक लागली. तो जेवायला गेला. ताटात बिसीबेळे भात होता, वर बुंदी होती, मंगळवार होता. जेवून आल्यावर त्याने दुसरंच काहीतरी उघडलं. त्यानंतर आणखी नऊ दिवस ते पान उघडं होतं. आपण विसरलो, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला, पण विसरलेली गोष्ट वारासकट आणि बुंदीसकट आठवत नसते.

त्याच महिन्यात त्याला परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलं होतं, हेही त्याला आठवत होतं. बोलावणं पान यायच्या आधी आलं की नंतर, एवढंच तेवढं सोयीस्करपणे धूसर होतं. तिथे तो उभा राहून चाळीस मिनिटं बोलला. 'आम्ही' म्हणत बोलला. 'आम्ही' हा शब्द मोठा गुणाचा, त्यात कितीही माणसं मावतात आणि दिसतो फक्त बोलणारा. भाषण संपल्यावर एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने पाळण्याची ओळ कुठून सुचली म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे घरात म्हणतात." खोटं नव्हतं ते. धारवाडलाही म्हणायचे. त्या भाषणाची चित्रफीत पाहून परिमळाचा फोन आला होता. पाठीमागे कुकरची शिट्टी, मुलीचं रडणं, आणि तिचं ते मोठ्याने बोलणं. "अरे कट्टी! माझा पाळणा घेऊन सातासमुद्रापार गेलास की रे! छान बोललास." तो म्हणाला, "अगं, तुझं नाव घ्यायचं होतं, वेळच संपली." ती म्हणाली, "राहू दे. पुढच्या वेळी घे." एवढं सहज, उसनी वाटी परत करायला सांगावी तसं. पुढच्या वेळाही आल्या. एकदा टी-शर्ट निघाले, तरुण मुलं त्याच्याकडून त्यावर सह्या घेऊन गेली. सही करताना पहिल्यांदा हात जड झाला, दुसऱ्यांदा कमी, आणि नंतर नंतर त्याला खरोखरच वाटू लागलं की दर्शिनीच्या माडीवर खिडकीपाशी बसलेला माणूस तोच होता. सांबाराचा वासही आता त्यालाच आठवायचा, नाकाला ओढणी लावल्यासारखा. आयत्या बिळावर नागोबा बसतो तेव्हा त्याला ते बीळ आयतं वाटत नसणार. आपणच उकरलं, आपलीच नखं झिजली, असंच वाटत असणार.

"सर, एक विचारू?" निश्चलचा आवाज आला. "इतकी वर्षं वापरतोय, पण हे कधी पुरतं कळलं नाही. घडण सारखी असूनही दोघांना वेगळं ठेवायचं, हे तुम्ही का ठरवलंत? जागा जास्त जाते, तुलना महाग पडते. तेव्हा सगळे एक करायच्या बाजूचे होते ना?"

वादिराजने तोंड उघडलं आणि त्यातून सरळ वाक्य आलं, "दोघांची साडी सारखी निघाली म्हणून दोघी एक होत नाहीत."

"क्या बात है," निश्चल म्हणाला. "हे असं तुम्हीच सांगू जाणे."

पण पुढे त्याने विचारलं की मग एकाच नावाचे दोन आले तर काय, आणि एकाचं अंग दुसऱ्यात अडकलेलं असताना आधी भरायची पाळी कोणाची. यावर वादिराजने घड्याळाकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं. तिने फळ्यावर काढून दाखवलं होतं, त्याने मान डोलावली होती. आता या क्षणी हे सांगू शकणारं माणूस चार मजले खाली उपाहारगृहात बसलेलं होतं आणि त्याच माणसाच्या कागदावर निश्चलने 'सचोटी' या रकान्यासमोर प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती बघायला फार लांब जावं लागत नाही. आपली खुर्ची थोडी मागे सरकवली की दिसते.

"सर, तुम्ही म्हणाल तसं," बीना म्हणाली. "कामावर परतणाऱ्या बायकांसाठीच्या जागेत ह्या शेवटच्या. बाकी तीन ठिकाणी नाकारल्या गेल्यात, त्यांनीच सांगितलं. मला वाईट वाटतंय, पण कॉपीचा संशय असेल तर कंपायलरच्या गटात मी नाही पाठवू शकत."

"ती माझ्याबरोबर होती," वादिराज म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "जयनगरला. तेव्हा हे सगळं चाललं होतं. तिला... तिला यातलं पुष्कळ माहीत आहे."

दार अर्धं उघडलं होतं, नुसतं ढकलायचं होतं.

"म्हणजे तुमच्याच हाताखाली शिकल्या!" निश्चलचा चेहरा उजळला. "मग असं सांगायचं ना सरळ! 'कट्टी सरांनी शिकवलं' म्हणाल्या असत्या तर मी उलट मान दिला असता. लपवायचं कशाला?"

ते ऐकून वादिराज थांबला. आपण दार ढकलणारच होतो आणि निश्चलने मध्येच ते लावून घेतलं, असं तो पुढे कित्येक दिवस स्वतःला पटवणार होता. प्रत्यक्षात निश्चलचं बोलणं संपल्यावर चांगली पाच-सहा सेकंदं शांतता होती. बीनाने पेनचं टोपण लावलं, काढलं. वातानुकूलन यंत्र घुमत होतं. कोणीही बोलू शकलं असतं.

"तो सचोटीचा रकाना कोरा ठेवा," अखेर तो म्हणाला. "माणूस सरळ आहे. मी ओळखतो."

हे बोलून आपण मोठंच धाडस केलं असं त्याला वाटलं. बीनाने प्रश्नचिन्ह खोडलं. मग चाचणी विभागात सहा महिन्यांच्या कराराची एक जागा होती ती निघाली. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड चालवून बघायचा, कुठे कोसळतो ते टिपून ठेवायचं, एवढंच काम. पगार निम्म्याहून कमी, पण निदान पाय आत पडेल, असं बीना म्हणाली. "मी सांगतो तिला," वादिराज म्हणाला. "ओळखीची आहे, बरं दिसेल." आणि निश्चल जाताना दारातून म्हणाला, "सर, तुमचं मन फार मोठं आहे हं. दुसरा असता तर चिडला असता."

खाली परिमळा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. चॉकलेटी काठाची सुती साडी, कानामागे पांढऱ्या झालेल्या बटा, गळ्यात पाहुण्यांची चिठ्ठी. समोर मद्दूर वडा होता आणि तो तिने अर्धा कागदात गुंडाळून ठेवला होता, बहुधा मुलीसाठी. त्याला पाहताच ती उठून उभी राहिली. तेवढ्यानेच त्याला कळलं की काहीतरी हाताबाहेर गेलं आहे, कारण पूर्वी ती त्याला पाहून कधी उठली नव्हती. "बसा ना, सर," ती म्हणाली.

"अगं, सर काय? कट्टी म्हण."

"इथं सगळे सर म्हणतायत तुम्हाला." ती हसली, पण ते हसू लवकर संपलं. "काय ठरलं?"

त्याने सांगितलं. चाचणी विभाग, सहा महिने, मग बघू, मी आहेच. शब्द मऊ निवडले, मध्ये मध्ये थांबला, तिच्या मुलीच्या कानांची चौकशीही केली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावर सांडलेले वड्याचे कण बोटाने गोळा करत म्हणाली, "त्या मुलाला मी सांगितलं होतं, त्यांनाच विचारा म्हणून. विचारलं त्याने?"

"नाही," वादिराज म्हणाला. आणि हेही खरं होतं. "नाही विचारलं कोणी."

"बरं. मग मी विचारते. ते कुणी लिहिलं?"

आजूबाजूला ताटल्यांचा आवाज होता, कोणीतरी एक कॉफी दोघांत म्हणून बाय-टू मागत होतं, आणि ह्या टेबलाशी जगातले दोनच जण होते ज्यांना उत्तर ठाऊक होतं. इथे काहीच जाणार नव्हतं. निश्चल नव्हता, बीना नव्हती. निदान तिच्यापाशी, निदान एकदा, ते म्हणता आलं असतं.

"ते आता लायब्ररीचं आहे, परिमळा," तो म्हणाला. "इतक्या जणांचे हात लागलेत. तुझं-माझं असं काही राहत नाही त्यात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं. डोळ्यांत पाणीही नव्हतं. एखादा शब्द आपण चुकीचा वाचला होता की काय, हे पुन्हा नीट वाचून बघावं तशी ती त्याचा चेहरा वाचत होती.

"सकाळी निघताना मुलगी म्हणाली," ती म्हणाली, "अम्मा, तीन जागी नाही म्हणाले, इथं तरी घेतील का? मी म्हटलं, इथं कट्टी आहे. माझं काम त्याला माहीत आहे. मला काही सांगावं लागणार नाही, तो सांगेल."

तिने पर्स उघडून कागदाची पुडी आत ठेवली, चेन लावली, पदर सारखा केला. वादिराजला वाटलं आता ती उठेल, काहीतरी बोलेल जे जन्मभर पुरेल, आणि चालू पडेल. तिने तसं करावं अशी त्याच्या मनात कुठेतरी इच्छाही होती, कारण मग हिशेब फिटला असता आणि त्यालाही थोडं दुखावलं गेल्यासारखं वागता आलं असतं. पण ती उठली नाही.

"त्या चाचणीच्या कामावर," तिने खाली बघत विचारलं, "कधीपासून यायचं?"

"सोमवारपासून ये," तो म्हणाला, आणि त्याला हायसं वाटलं.